काळी चार, काळी दोन

१

पियानो ट्यून करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात, असं तिचे मास्तर सांगत: कान, धीर आणि थंड डोकं. कान तिला जन्मतःच मिळाले होते. धीर तिनं कमावला. डोक्याचं मात्र काही विचारू नये. लोक तिला मागून 'मिरची' म्हणत, आणि लोक आपल्याला मिरची म्हणतात हे कळल्यावर ती आणखीच भडकली होती. कामाला तिच्या कुणी नावं ठेवू शकत नव्हतं, म्हणून बोलावत. फक्त ती यायच्या आधी घरातला टीव्ही बंद करत आणि पोरांना दुसऱ्या खोलीत बसवत.

गेले दहा दिवस तर ती धुमसतच होती. कारण घरी होतं. तिची मुलगी दीड वर्षापूर्वी भांडून निघून गेली होती, ती परत आली होती. आली ती उंबऱ्यात उभी राहूनच अट घालत. "आई, एकदा जरी ओरडलीस ना, तर मी चालले. आणि या वेळी परत यायची नाही."

आईनं कानाला खडा लावला. एकुलती एक पोर, तेवीस वर्षांची, जिला ती अजून 'मुंगी' म्हणे. ओला टॉवेल पलंगावर पडला, गिळला. दूध उतू गेलं, गिळलं. दहा दिवस दात आवळून आवळून तिचा जबडा दुखायला लागला होता, आणि घरी न निघालेला सगळा राग आता कामावर निघत होता.

आज ती ज्या घरी आली होती, ते मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. मास्तर सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांची यादी तिच्याकडे आली, त्यातलं हे शेवटचं. पहिल्या मजल्यावर नवरा, बायको आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. आत शिरताना तिची अवजारांची पिशवी दारालगतच्या स्टुलाला लागली आणि काचेची बरणी खाली पडून तिच्या ठिकऱ्या उडाल्या. तिनं जीभ चावली.

"असू दे हं," बायको हसून म्हणाली. नवरा केरसुणी घेऊन आला, तोही हसत. छोटी मुलगी आपली काचा चुकवत हसत पलीकडे गेली. कुणी दचकलंसुद्धा नाही.

माणसं एवढी गोड असू शकतात याचाच तिला राग आला. आपल्या घरी बरणी फुटली असती तर आपण इमारत डोक्यावर घेतली असती, हेही तिच्या मनात आलं, आणि मग स्वतःचाही राग आला.

२

पियानो आतल्या लहान खोलीत होता. छोटा, उभा, तिच्या कमरेच्या जरा वर येणारा. असल्या पियानोंवर तिचा जुना दात. भिंतीला टेकवायला सोयीचे म्हणून लोक घेतात, पण आत तारांना जागाच नसते. मोठ्या पियानोत खर्जाची तार लांब पसरते. इथे ती आखूड करायची आणि वजन यावं म्हणून जाड करायची, मग ती स्वतःच्याच सुराशी खोटं बोलते. त्यामुळे छोट्या पियानोचा स्वभाव लावणं म्हणजे डोकेदुखी.

'स्वभाव' हा मास्तरांचा शब्द. गोष्ट सोपी आहे. एका सुरावरून त्याचा पंचम लावायचा, त्याच्यावरून पुढचा, असे बारा पंचम लावले की फिरून पहिल्या सुरावर यायला हवं. येत नाही. चिमूटभर उरतं. ही ट्यूनरची चूक नव्हे, निसर्गानंच ती तशी ठेवली आहे. ती चिमूट बाराही पंचमांत सारखी वाटून टाकायची, म्हणजे कुणालाच फारशी टोचत नाही. ही वाटणी म्हणजे स्वभाव. आधी मधल्या सप्तकात तो लावायचा, मग वर-खाली उतरवत न्यायचा. "आणि स्वभावाला औषध नाही," मास्तर म्हणत, "तेव्हा पहिल्यांदाच नीट लाव."

तिनं पंचम वाजवून पाहिले. एक, दोन, पाच, अकरा. सगळे निर्मळ, हालचाल म्हणून नाही. कुणी चिमूट वाटलीच नव्हती. असे पंचम ठेवले की गंधार तिखट लागायला हवा, पण तोही शांत होता. हे गणितात बसत नव्हतं. छोट्या पियानोत गणित थोडं हलतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग तिनं बारावा पंचम वाजवला. काळी चार आणि वरच्या सप्तकातली काळी दोन. तो सूर नव्हता. ते विव्हळणं होतं.

सगळी चिमूट या एका जागी कोंबलेली. तिनं त्या दोन पट्ट्या निरखल्या. बाकीच्या काळ्या पट्ट्या नव्यासारख्या चकचकीत होत्या, या दोन मात्र झिजून राखाडी पडलेल्या. काळी चारच्या कडेला तर नखांचे ओरखडे होते.

"या दोनच एवढ्या कोण वाजवतं?" तिनं विचारलं.

"आम्ही सगळेच," बायको दारातून म्हणाली. "म्हणजे वाजवत नाही हो. राग आला की इथे यायचं, दार लावायचं आणि त्या दोन दाबायच्या. लग्न झाल्यापासूनची पद्धत आहे आमची. छोटीलाही तेच शिकवलंय. बरं वाटतं लगेच."

"पियानो आहे हा. पायपुसणं नाही!"

"हो ना," बायको म्हणाली, आणि गोड हसली.

तिनं पुढची फळी काढली. आतल्या लाकडावर ट्यूनर लोक पेन्सिलीनं तारीख आणि सही टाकतात, तशी मास्तरांची होती. वर्षाला दोन, सव्वीस वर्षांच्या, एकाखाली एक. प्रत्येक सहीपुढे तेच: 'काळी चार–काळी दोन. वाटू नये.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिमूट कुठे साठलेली दिसली तर हसत हसत हातावर पट्टी मारणारे मास्तर, आणि इथे सव्वीस वर्षं कचरा सतरंजीखाली सारत बसले! तिनं तारांमध्ये फेल्टची पट्टी सरकवली, किल्ली काढली आणि ट्यूनिंग फोर्क आपटून त्याच्या सुराला पांढरी सहा लावली.

प्रत्येक पंचम नखभर कमी. दोन सूर तंतोतंत जुळले नाहीत की आवाज लहरतो, त्या लहरी मोजत जायचं: पाच सेकंदांत तीन. पांढरी चार आणि पांढरी सहा हा गंधार सेकंदाला सात. ती मोजत होती, वाटत होती. चौथ्या पंचमाला बाहेर एक दार आपटलं. सातव्याला नवऱ्याचा आवाज आला, "सांगितलं ना एकदा!" त्यात काही विशेष नव्हतं, घरोघरी असतं. पण ती क्षणभर थांबली, कारण त्यानंतर छोटी जे रडली, ते कुणी पहिल्यांदाच रडावं तसं होतं.

बारावा पंचम आता इतर अकरांसारखा झाला. चोख काम. मास्तरांच्या शेवटच्या सहीखाली तिनं आपली तारीख टाकली आणि 'वाटू नये'वर आडवी रेघ मारली.

निघताना दार लावायला कुणी आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं चहाचा कप तिच्या कामाच्या कागदांवर ठेवला होता. गोल डाग उमटला. ती दहापर्यंत मोजत होती आणि आठवर फोन वाजला.

"काय केलंत तुम्ही?" त्या बाईचा आवाज तिला ओळखूच आला नाही. कालचा मध उतरला होता. शिवाय तो आवाज हलत होता. रडताना हलतो तसा नव्हे, एका लयीत.

"स्वभाव लावला. आधीचा चुकीचा होता."

"छोटीनं हाताला चावून घेतलंय. स्वतःच्या. आणि हे—" मागे काहीतरी जड कोसळलं. "हे बोलतच नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून उभे आहेत कालपासून. आम्ही जाऊन दाबतो हो त्या पट्ट्या. काही होत नाही. काहीच होत नाही!"

फोन बंद झाला. तिनं मनाशी म्हटलं, घरगुती भांडण, मला काय त्याचं? पियानो लावल्यानं का कुणाचं डोकं फिरतं! पण तिचा कान तिला सोडेना. त्या आवाजातल्या लहरी तिनं सवयीनं मोजल्या होत्या. पाच सेकंदांत तीन.

"आई, काय झालं?" मुंगीनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि चपला घालून मास्तरांकडे निघाली.

४

मास्तर खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. एका कानानं पूर्ण बहिरे झाले होते, दुसऱ्यात यंत्र होतं. तिनं दारातूनच तोंड सोडलं. वर्षानुवर्षं मला फसवलंत, तुमच्या नावाला काळिमा, लाज कशी वाटली नाही, सगळं. मास्तर ऐकत राहिले. त्यांना रागावलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. बायको गेली तेव्हासुद्धा आलेल्यांना पाणी विचारत होते म्हणे, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं होतं.

"वाटलंस का?" ते म्हणाले.

"वाटलं! तुम्हीच शिकवलंत ना, चूक सगळ्यांत वाटायची म्हणून?"

"शिकवलं. पण तिथली वाटायची नव्हती. तिथे ती साठलीय."

"काय साठलंय? नीट बोला की!"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "परत गोळा करून ये. अकरा पंचम निर्मळ कर, उरेल ते त्या दोघांत जाईल. मी जाऊ शकत नाही आता, मला ऐकू येत नाही."

"जाते."

"एक ऐक. तिथे ठोकू नकोस. हलक्या हातानं लाव."

हे मात्र तिला पटेना. तार ताणली की पट्टी जोरानं चार-सहा वेळा ठोकावी लागते, त्याशिवाय खुंटी बसत नाही आणि सूर काही महिन्यांत उतरतो. हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं त्यांनीच. "न ठोकता सूर टिकेल?"

"नाही टिकणार. म्हणून तर वर्षातून दोनदा जायचो." ते तिच्याकडे पाहत होते. "एकदा ठोकलं होतं मी. पहिल्याच वर्षी. घरून भांडून गेलो होतो."

"मग?"

"मग काही नाही," मास्तर प्रसन्नपणे म्हणाले. "त्यानंतर कधी भांडण झालंच नाही आमच्यात." आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून वाटीशेजारी ठेवलं. बहिऱ्यापुढे किती ओरडायचं? ती पाय आपटत निघाली.

५

दार उघडंच होतं. बरणीच्या जागी आता आणखी बऱ्याच वस्तूंच्या काचा होत्या, आणि त्या कुणी उचलल्या नव्हत्या.

नवरा खरंच भिंतीकडे तोंड करून उभा होता. ती बाजूनं गेली तेव्हा त्याचा चेहरा दिसला. जबडा थरथरत होता. तिला मोजायचं नव्हतं, पण कान मोजून मोकळे झाले. सेकंदाला सात. बायको स्वयंपाकघराच्या दारात ओणवी होऊन पुढेमागे झुलत होती, पाच सेकंदांत तीन. छोटी टेबलाखाली होती, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. तिचे दात वाजत होते. सेकंदाला दहा. पांढरी एक, पांढरी तीन. काल तिनंच लावलेला गंधार.

योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. थंडी वाजत असेल. ताप असेल. डॉक्टरला बोलवायला हवं. हे सगळं म्हणता म्हणता ती आतल्या खोलीत पोचली आणि फेल्ट सरकवू लागली, कारण तिघांपैकी कुणीही तिच्याकडे बघितलं नव्हतं आणि त्यांनी बघायला तिला नकोच होतं.

तिला राग आला होता. असा की हात कापत होते. मास्तरांचा, या गोडबोल्यांचा, ज्यांनी लग्नापासूनची घाण या डब्यात भरली त्यांचा. पट्टी ठोक, किल्ली फिरव, ठोक. स्वतःचा, फुकटची हुशारी दाखवली म्हणून. ठोक. मुंगीचा, जी दीड वर्ष एक फोन न करता राहिली, आणि आली ती अटी घेऊन. ठोक. हलक्या हातानं लाव म्हणे! काही महिन्यांत उतरणारा सूर ती कुणाच्याही घरी ठेवून येणार नव्हती.

पंचम एकेक करून निवळत गेले. सहाव्याला बाहेर दात वाजायचे थांबले. नवव्याला कुणीतरी लांब श्वास सोडला. अकरावा लागला आणि बाहेर बायको म्हणाली, "अगंबाई, केवढ्या काचा." जुन्या आवाजात.

उरले ते दोन. त्यांना लावायचं नव्हतंच, उरलंसुरलं आपोआप तिथे आलं होतं. फक्त खुंट्या बसवायच्या होत्या. तिनं दोन्ही काळ्या पट्ट्या धरून पूर्ण ताकदीनं ठोकल्या. वीसदा, तीसदा. मुंगे, तुला वाढवताना मी किती वेळा उपाशी झोपले, तुझा बाप आपल्याला टाकून गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस, आणि तू मला अटी घालतेस! चाळीसदा.

मग ती थांबली आणि ऐकलं. या पंचमात सेकंदाला साडेआठ लहरी यायला हव्यात. जास्त येऊच शकत नाहीत, चिमूट तेवढीच असते. तिनं मोजल्या. सतरा.

तिनं अकराही पंचम पुन्हा तपासले. निर्मळ. म्हणजे आणखी एक चिमूट कुठूनतरी आली होती, जी या पियानोची नव्हती. खालची फळी काढून ती वाकली. अंधारात सगळ्या तारा स्थिर होत्या. त्या दोन सुरांच्या तेवढ्या हलत होत्या, कुणी न वाजवता, आणि मागच्या लाकडावर ओल धरावी तसा वाफेचा एक डाग उमटत होता आणि विरत होता, तोंडाजवळ आरसा धरल्यावर उमटतो तसा.

हे भयंकर आहे, असं तिला कळलं. वाटलं मात्र काही नाही. तिनं हात पाहिले, ते कापत नव्हते. जबडाही दुखत नव्हता. तिनं फळी लावली, पेन्सिलीनं तारीख टाकली, आणि सुंदर अक्षरात पुढे लिहिलं, 'वाटू नये.'

६

घरी मुंगीची बॅग भरलेली होती. ती सोफ्यावर बसून वाट बघत होती. हनुवटी वर, लहानपणी मार खायच्या आधी बसायची तशी.

"मी बाबांकडे राहायला चाललेय," ती म्हणाली.

या घरात त्या माणसाचं नाव एकोणीस वर्षांत निघालं नव्हतं. एकदा शेजारणीनं काढलं, तर मिरचीनं तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

"बरं," आई म्हणाली. "त्यांना नमस्कार सांग."

"मी महिनाभर त्यांच्याशी बोलतेय. तुझ्या पाठीमागे."

"चांगलं केलंस. वडील आहेत."

"आई, मी नाही येणार परत."

"तुला पटेल तसं कर हं, बाळा."

मुलगी उठून जवळ आली. तिनं आईचे दोन्ही दंड धरले आणि चेहऱ्यात काहीतरी शोधू लागली. "हे काय बोलतेयस? मला वाटलं, तू अडवशील. मी सगळं ठरवून ठेवलं होतं, तू ओरडशील, मी ओरडेन, मग मी बॅग ठेवून देईन." तिचे डोळे भरले. "ओरड ना गं आई. एकदा ओरड."

आईनं मनापासून शोधलं. जिथे ते असायचं, तिथे पुसलेल्या ओट्यासारखी जागा होती, स्वच्छ आणि गार. मग ती हसली. ते हसणं पाहून मुंगी दोन पावलं मागे सरली. तिनं बॅग उचलली, आणि आईकडे पाठ न करता दारापर्यंत गेली.

दार लागलं तसा फोन वाजला.

"ताई, आमचं सगळं छान झालं हो," बायको मधाळ आवाजात म्हणाली. "एकच विचारायचं होतं. मुंगी कोण?"

"माझी मुलगी."

"हं, तरीच. थांबा, ऐकवते."

पलीकडे छोटीनं त्या दोन पट्ट्या दाबल्या. विव्हळणं आलं, आणि त्याच्या आतून तिचा स्वतःचा आवाज, घसा फाटेपर्यंत ओरडणारा. मुंगे, थांब. मुंगे, जाऊ नकोस, मी मरेन गं. थांब.

खिडकीतून खाली बसचा थांबा दिसत होता. मुंगी तिथे उभी होती आणि वर बघत होती. बस अजून आली नव्हती.

आईनं फोन उजव्या कानाला लावला. तो तिचा चांगला कान. पलीकडचा आवाज हंबरडा फोडत होता आणि ती डोळे मिटून लहरी मोजत होती.

"सतरा," ती म्हणाली. "अगदी बरोबर लागलाय. आता त्याला कुणी हात लावू नका."

तिनं डोळे उघडले तेव्हा थांब्यावर कुणी नव्हतं.